पितांबरसाठी विणलेला स्वेटर

मित्रांनो, खानदेशात स्वेटरला फारसं कोणी विचारत नाही. इथे मान उन्हाचा. थंडी येते ती लाजऱ्या पाहुणीसारखी, चार दिवस ओसरीवर बसते आणि निघून जाते. तरीही माझा जन्म इथलाच, गिरणेच्या काठावरच्या भडगावातला. मी त्रेसष्ट वर्षांचा जुना स्वेटर आहे. अंग मेंदीच्या रंगाचं, गळा तांबडा, आणि डावी बाही उजवीपेक्षा दोन बोटं लांब. मला विणणारीने आयुष्यात त्याआधी एकही स्वेटर विणला नव्हता, त्यामुळे असं झालं.

माझी गोष्ट एका लढाईची आहे. पण मी बंदूक नव्हे, तोफ नव्हे. मला लढाई जेवढी दिसली, तेवढीच सांगतो.

ते १९६२ साल होतं. आपला देश तेव्हा पंधरा वर्षांचा होता, तुमच्यातल्या काहींच्याच वयाचा. दिवाळीच्या आसपास उत्तरेच्या सीमेवर युद्ध पेटलं. भडगावच्या लोकांनी हिमालय पाहिला होता तो फक्त कॅलेंडरवर, शंकराच्या पाठीमागे. आता त्याच डोंगरात आपली पोरं लढत होती. ग्रामपंचायतीच्या रेडिओभोवती माणसं दाटी करून उभी राहत. ऐकू येणारी नावं कोणाला नीट उच्चारता येत नसत. शाळेतली मुलं सकाळी घोषणा देत गावातून फिरत. बाया गळ्यातली सोन्याची पुतळी सोडवून पदरात बांधून आणत आणि देशासाठी देऊन टाकत. ज्यांच्याकडे सोनं नव्हतं त्यांनी पायली पायली ज्वारी दिली.

त्याच भडगावात मंजुळा नावाची एक वीस वर्षांची सून होती. लग्नाला दोन वर्षं झाली होती. माहेर जामनेरपासून दोन कोसांवरचं, वाघूर नदीच्या बाजूचं. माहेरी आई नव्हती. वडील शालिग्राम आबा आणि मोठा भाऊ पितांबर, एवढंच घर. आई गेली तेव्हा मंजुळा सहा वर्षांची होती. तिची वेणी घालायला पितांबर शिकला तो तेव्हाच. शेजारणी हसायच्या. वेणी शाळेत पोचेपर्यंत सुटायची. पण दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तितक्याच मन लावून घालायचा.

हा पितांबर सैन्यात होता, तारेच्या पलटणीत. म्हणजे डोंगरात टेलिफोनच्या तारा टाकायच्या, वायरलेस चालवायचा, एका चौकीचा निरोप दुसऱ्या चौकीला पोचवायचा. सुट्टीवर आला की बहिणीसाठी काहीतरी आणायचा. एकदा त्याने तिला तांबडा लोकरी मफलर आणला. भडगावात मफलर घालायचा कधी? मंजुळा तो घडी करून उशाखाली ठेवायची.

नोव्हेंबरच्या अखेरीस लढाई थांबली. लोकांनी सुस्कारा टाकला, पण सुस्काऱ्यात समाधान नव्हतं. आपण हरलो होतो. आणि पंधरा दिवसांनी आबांच्या हातात सरकारी कागद पडला. त्यात एकच शब्द कामाचा होता. बेपत्ता.

मित्रांनो, हा फार कठीण शब्द आहे. माणूस गेला म्हटलं तर रडता येतं. आहे म्हटलं तर वाट पाहता येते. बेपत्ता म्हटल्यावर काय करायचं, ते त्या घराला कोणी शिकवलं नव्हतं. शत्रूने पकडलेल्या जवानांच्या याद्या तुकड्या तुकड्यांनी येत होत्या. त्यात पितांबरचं नाव नव्हतं. मेलेल्यांच्या यादीतही नव्हतं.

अशात एक दिवस गावात दवंडी पिटली गेली. पकडलेल्या आपल्या जवानांना तिकडे फार थंडी आहे, त्यांच्यासाठी गरम कपड्यांची पार्सलं जाणार आहेत, ज्यांना जमेल त्यांनी विणून द्या, जळगावची महिला समिती गोळा करील.

मंजुळा हातातलं काम टाकून उठली आणि थेट हुस्नबानोच्या दारात गेली.

हुस्नबानो म्हणजे अमीनभाई पिंजाऱ्यांची बायको. अमीनभाई गाद्या-रजया भरायचे. हुस्नबानोचे वडील देवळालीला लष्कराच्या छावणीत शिंपी होते. तिथेच कोणा मेमसाहेबाकडून ती विणकाम शिकली होती. भडगावभरात लोकर विणता येणारी ती एकटी. अमीनभाई जळगावला गेले आणि मेंदी रंगाच्या लोकरीचे गुंडे घेऊन आले. फार मिळाली नाही. त्या दिवसांत सगळीकडची लोकर डोंगराकडे निघाली होती.

आता माप कोणाचं घ्यायचं? मंजुळाचा नवरा जगदीश अंगाने किरकोळ, आणि पितांबर छातीने भरलेला. हुस्नबानोने नवऱ्यालाच दुकानात उभं केलं.

"हाथ फैलाव जरा. हिलो मत."

कापसाची धनुकली ओढून ओढून अमीनभाईंची छाती चांगली रुंद झालेली. हात पसरून उभे राहिले आणि म्हणाले, "मेरे नाप का बन रहा है तो मुझेच दे दो ना."

मंजुळाला कागद आल्यापासून पहिल्यांदा हसू आलं. मी तेव्हा नुसता गुंडा होतो, तिच्या मांडीवर पडलेला. ते हसू मी अंगात घेतलं असं मला अजून वाटतं.

तिला टाके येत नव्हते. सुलट घालायला जावं तर उलट पडायचा. एक टाका सुटला की सगळी ओळ घरंगळायची. मग ती उसवायची आणि पुन्हा घालायची. भाकऱ्या झाल्या की ती ओसरीवर बसायची. सासू, म्हणजे अक्का, चार दिवस पाहत राहिल्या. पाचव्या दिवशी म्हणाल्या, "लोकर इनीसन काय भाऊ सापडस का, मंजुळा?"

"सापडस का नही, माले काय माहीत, अक्का? पन त्याले थंडी वाजत व्हई."

दुसऱ्या दिवसापासून भाकऱ्या अक्का थापू लागल्या.

गळ्यापर्यंत आलं आणि लोकर संपली. जळगावात मिळेना, धुळ्यात मिळेना. मंजुळाने उशाखालचा तांबडा मफलर काढला, मांडीवर घेतला, एक टोक शोधलं आणि ओढलं. सर्र सर्र करत तो उसवत गेला. त्याच लोकरीचा माझा गळा झाला.

शेवटी तिला वाटलं, आत एक चिठ्ठी ठेवावी. हुस्नबानोने मान हलवली. "कागद नको ठेवू, बेटी. तपासनारे पहिला कागदच काढीसन फेकतीन. कापडवर धागानी लिख. शिंपीनी चिठ्ठी समजीसन कोनी हात लावनार नही."

मग मंजुळाने पांढऱ्या मांजरपाटाची पट्टी घेतली आणि लाल दोऱ्याने अक्षरं भरली. चौथीपर्यंत शिकली होती ती. अक्षरं मोठी आणि थोडी वाकडी आली. 'पितांबर शालिग्राम पाटील. जामनेर. तारेची पलटण. कोणी पाहिला का? बहीण मंजुळा, भडगाव.' ती पट्टी तिने माझ्या आत, डाव्या बरगडीच्या जागी शिवली.

निरोप देताना तिने मला छातीशी धरलं. माझ्या कानात, म्हणजे बाहीत, म्हणाली, "त्यालेच सापड हं."

मित्रांनो, मी कबूल केलं होतं. पण स्वेटर कुठे जाणार हे स्वेटरच्या हातात नसतं.

मी रेल्वेने गेलो, ट्रकने गेलो, खेचराच्या पाठीवरून गेलो. शेकडो स्वेटर होतो आम्ही. कोणी पंजाबचा, कोणी बंगालचा, कोणी मद्रासकडचा, सगळे एकमेकांवर रचलेले. सीमा ओलांडून आम्ही तिबेटच्या पठारावर पोचलो. तिथे मातीच्या जाड भिंतींच्या घरांमध्ये आपले जवान कैदेत होते. जेवणात उकडलेला मुळा आणि भात. खिडक्यांना फटी. फटींतून येणारा वारा सुईसारखा. जगदीशच्या शेतातला सगळा कापूस आणून त्या फटींत कोंबला असता तरी पुरला नसता.

पार्सल उघडलं गेलं आणि ज्याचा नंबर लागेल त्याच्या हातात जे येईल ते पडलं. मी पडलो एका वीस-एकवीस वर्षांच्या पोराच्या हातात. नाव कुंदनसिंह नेगी. गढवालचा. काटकुळा, डोळे खोल गेलेले, पायाची दोन बोटं बर्फाने काळी पडलेली. अमीनभाईंच्या मापाचा मी त्याच्या अंगात गेलो तेव्हा त्यात अजून एक कुंदन मावला असता. आजूबाजूचे हसले. तोही हसला. मी मात्र हिरमुसलो होतो. मला ज्याच्यासाठी विणलं होतं, तो हा नव्हता.

पण त्याच्या डाव्या हाताची बोटं बधिर झाली होती. त्याने माझी लांब बाही खाली ओढली. सगळा पंजा आत गेला. तो हात तसाच छातीशी धरून बसला. थोड्या वेळाने बोटांत कळ आली तेव्हा तो खुशीने ओरडला, कारण दुखतंय म्हणजे बोटं जिवंत आहेत. त्या क्षणी माझं हिरमुसलेपण संपलं.

तिसऱ्या दिवशी त्याला आतली पट्टी खुपली. त्याने मला उलटं केलं. मित्रांनो, मराठी आणि हिंदीची अक्षरं एकच. त्याने एकेक अक्षर लावत वाचलं, "पि-तां-बर... शा-लि-ग्राम..." शब्द सगळे कळले नाहीत, पण 'बहीण' कळलं. 'कोणी पाहिला का' हेही त्याने ओळखलं.

त्या दिवसापासून कुंदनने एक काम हाती घेतलं. पाण्याच्या रांगेत, लाकडं फोडताना, बर्फ उपसताना तो प्रत्येकाला विचारी, "भाई, पीतांबर पाटील को देखा है? तारवाला. जामनेर का." कोणी डोकं हलवी. कोणी चिडून म्हणे, "तेरा कौन लगता है वो?" कुंदन माझा कोपरा उलटून पट्टी दाखवी. मग तो माणूस आपल्या बराकीत जाऊन पुढे विचारी. दुसऱ्या आवारातले कैदी लाकडं न्यायला आले की प्रश्न त्यांच्याबरोबर तिकडे जाई. कैदेत करायला दुसरं काही नव्हतं. हळूहळू सगळी छावणी एका न पाहिलेल्या बहिणीच्या भावाला शोधू लागली. बंगाली, शीख, गोरखा, मद्रासी, सगळ्यांच्या तोंडी जामनेरचं नाव. जामनेरचा उच्चार प्रत्येकाचा वेगळा.

मार्च महिन्यात उत्तर आलं. रामबचन नावाचा बिहारकडचा एक प्रौढ नाईक दुसऱ्या आवारातून आला, कुंदनसमोर बसला आणि म्हणाला, "मैं था उसके साथ."

त्याने सांगितलं ते असं. खिंडीतल्या एका बंकरमध्ये तो आणि पितांबर वायरलेसवर होते. माघार घ्यायचा हुकूम आला. पण पुढच्या चौकीवरच्या वीस-बावीस जणांना तो पोचला नव्हता. थंडीने बॅटरी मरायला लागली होती. पितांबरने अंगातला कोट काढून बॅटरीभोवती गुंडाळला आणि निरोप देत राहिला. रामबचनला म्हणाला, तुम्ही व्हा पुढे, त्यांचं उत्तर आलं की मी येतो. उत्तर आलं. ते वीस-बावीस जण खाली उतरले. मग तोफेचा गोळा पडला. रामबचन त्याच्यासाठी परत फिरला होता. "आँखें मैंने बंद कीं," तो म्हणाला.

मग रामबचनच्या चेहऱ्यावर जरासं हसू आलं. "एक बात बहुत बोलता था वो. अखाजी. अखाजी को छुट्टी चाहिए, बहन को लाने जाना है. हम सब चिढ़ाते थे, ये अखाजी कौन है भाई, तेरी घरवाली?"

खानदेशातल्या मुलांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. अखाजी म्हणजे अक्षय तृतीया. आमच्याकडे हा सासुरवाशिणींचा सण. भाऊ सासरी जातो आणि बहिणीला माहेरी घेऊन येतो. मग झोके, गाणी, आंब्याचा रस, खापरावरच्या पुरणपोळ्या. भाऊ घ्यायला आला नाही तर बाई दारात उभी राहून रस्त्याकडे पाहत बसते.

एप्रिल-मे महिन्यांत कैदी सुटले. कुंदनही सुटला. त्याची पायाची दोन बोटं दवाखान्यात काढावी लागली. त्याने भडगावला पत्र लिहायला घेतलं आणि फाडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा फाडलं. तिसऱ्यांदा फक्त 'दीदी' एवढंच लिहून थांबला. अशी गोष्ट पोस्टाने पाठवायची नाही, असं त्याने ठरवलं. पण घरी म्हातारी आई होती, नोकरी होती, रजा मिळत नव्हती. जायला पुढचं वर्ष उजाडलं.

इकडे काय झालं होतं, ते मला नंतर कळलं. त्रेसष्टच्या अखाजीला शालिग्राम आबा स्वतः भडगावला गेले होते. "पोरी, भाऊ नही तर बाप वना लेवाले. चाल."

मंजुळा म्हणाली, "आबा, भाऊ येई तवयच मी येसू."

आबांनी दोनदा विनवलं. अक्कांनीही सांगितलं. ती हलली नाही. बापाबरोबर गेलं म्हणजे भाऊ येणार नाही हे कबूल केल्यासारखं होईल, असं तिला वाटत होतं. आबा एकटेच परत गेले. वर्षभर बाप-लेकीची भेट नाही.

आणि चौसष्टच्या मे महिन्यात, अखाजीच्या दोन दिवस आधी, पाचोऱ्याहून निघालेल्या छोट्या रुळांच्या गाडीतून एक लंगडणारा जवान जामनेरला उतरला. ऊन असं की रुळ हात लावू देत नव्हते. आणि त्याच्या दंडावर मी, लोकरीचा स्वेटर! लोक वळून वळून बघत होते. एका चहावाल्याने तर विचारलंच, "काय भाऊ, तब्येत बरी आहे ना?"

आधी बापाला सांगायचं म्हणून विचारत विचारत तो पितांबरच्या गावात पोचला. आबा लिंबाखाली बसून सुताची दोरी वळत होते. लांबून त्यांना खाकी कपडे दिसले, खांद्यावरची पिशवी दिसली. ते उठून उभे राहिले. दोरी हातातून सुटली. दहा पावलं पुढे आले. मग चेहरा दिसला आणि तिथेच थांबले.

कुंदनने त्यांचे पाय धरले. त्याने सगळं सांगितलं, हिंदीत, जमेल तसं. बॅटरी सांगितली, निरोप सांगितला, वाचलेले वीस-बावीस जण सांगितले, रामबचनने डोळे मिटले ते सांगितलं. आबा ऐकत राहिले. मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी त्यांनी पट्टीवरून अंगठा फिरवला. वाचता येत नव्हतं त्यांना. पण कोणी भरली असेल, ते कळलं. मग ते आत गेले. बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा डोळे लाल होते आणि हातात पाण्याचा तांब्या होता.

"जेवना का?" त्यांनी विचारलं.

कुंदनला भाकरी वाढून ते समोर बसले. त्याचं खाऊन झाल्यावर म्हणाले, "परनदिन अखाजी शे. मनी आंडेर, मंजुळा, भडगावले शे. मांगली अखाजीले ती वनी नही. तू जाशी का तिले लेवाले?"

कुंदनला 'लेवाले' म्हणजे 'घ्यायला' हे कळलं. तो घाबरून गेला. "बाबा, मैं? मैं उनका लगता क्या हूँ?"

आबांनी मला उचललं. "हाऊ कोना शे?"

"मेरा."

"कोनी इना?"

"दीदी ने."

"मंग?" आबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. आधी छोटी गाडी, मग पाचोऱ्याहून एसटी. कुंदनने वाटेत चारदा मनाशी वाक्यं जुळवली. मी त्याच्या मांडीवर होतो. त्याच्या तळहाताचा घाम माझ्यात जिरत होता.

दार अक्कांनी उघडलं. त्यांनी आधी माणसाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तांबडा गळा त्यांनी ओळखला. त्या मागे वळून म्हणाल्या, "मंजुळा, देख, कोन येल शे."

मंजुळा पिठाचे हात घेऊन बाहेर आली. दीड वर्षात ती वाळली होती. तिने मला पाहिलं. पुढे आली, माझी लांब बाही हातात धरली, आणि तशीच धरून विचारलं, "भाऊ भेटना का?"

जुळवलेली वाक्यं कुंदनला एकही आठवली नाहीत. "नहीं, दीदी. भाऊ नहीं मिला. भाऊ का पता मिला."

तिथेच उंबऱ्यावर बसून त्याने सांगितलं. ती रडली नाही. सगळं संपल्यावर तिने एकच प्रश्न विचारला. "त्याले थंडी लागनी का?"

मित्रांनो, त्या बंकरची हकीकत ऐकताना मी कुंदनच्या अंगात होतो. कोट कुठे होता, ते त्याला माहीत होतं आणि मलाही. कुंदनने तिच्याकडे पाहिलं. आबांना सांगताना त्याने ती एक गोष्ट गाळली होती, आताही गाळली.

"नहीं, दीदी. मोटा कोट था उसके पास."

मंजुळाने मान हलवली. मग मात्र ती अक्कांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, दीड वर्षाचं सगळं रडली. हुस्नबानो धावत आली. अमीनभाई दारात उभे राहिले आणि रडणारी बायको बघून स्वतःच रुमाल शोधू लागले. कुंदन खाली मान घालून बसला होता. आपण आलो हे चुकलंच, असं त्याला वाटत असावं.

मंजुळाने तोंड धुतलं. ताट वाढलं. त्याच्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, "जेवी ले, भाऊ. एसटी दुपारनी शे. मी गाठोडं बांधस."

तो एकच शब्द ऐकून कुंदनचा घास हातातच राहिला.

त्या अखाजीला मी आबांच्या घरात खुंटीला टांगलेला होतो. बाहेर लिंबाला झोका बांधला होता. गावच्या माहेरवाशिणी गात होत्या. मंजुळा झोक्यावर बसली नाही, पण झोके द्यायला उभी राहिली. आबा कुंदनला रसाची वाटी भरून देत होते आणि रिकामी झाली की पुन्हा भरत होते. संध्याकाळी कुंदनने मला घडी करून तिच्यापुढे ठेवलं. "दीदी, यह आपके भाई का है."

तिने मला उचलून त्याच्या अंगाला लावून पाहिलं. "ढगळ व्हस अजून. जाड का बरं नही व्हयना तू? थांब, बाजू दाबी देस. बाही बी सारखी करस."

कुंदनने माझी बाही दोन्ही हातांनी धरली. "बाही नको," तो म्हणाला. तेवढी मराठी तो तोवर शिकला होता.

नंतरची वर्षं मी गढवालात काढली. कुंदन दर दोन-तीन वर्षांनी अखाजीला यायचा. येताना राजमा आणायचा, जाताना आंब्यांची करंडी न्यायचा. दोघांची भाषा एक अजब खिचडी झाली होती. आबा गेले तेव्हा खांदा द्यायला तो नव्हता, पण तेराव्याला पोचला. पुढे तो निवृत्त झाला. मला घालून गाईचं दूध काढायचा. नव्या सुनेने त्याला दुकानातला झकास स्वेटर आणून दिला, तेव्हा मी पेटीत गेलो. पेटीत उंदराने माझा एक कोपरा कुरतडला. कोणाचा दोष नाही. जुन्या वस्तू अशाच मागे पडतात.

कुंदन पंधरा वर्षांपूर्वी गेला. त्याच्या मुलीने मला पार्सलने भडगावला पाठवलं. सोबत चिठ्ठी होती, 'बुआजी, पिताजी का सामान आपके पास रहे.' मंजुळाबाईंनी मला दोन दिवस मांडीवरून खाली ठेवलं नाही. मग मी पुन्हा एका पेटीत गेलो. तिथे मला कसर लागली. आज माझ्या अंगाला सात भोकं आहेत.

मागच्या महिन्यात घरात साफसफाई निघाली. मंजुळाबाईंची नात हेमलता कॉलेजात आहे, मनाने चांगली पण घाईची. दारात जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बाई आली होती. हेमलताने जुन्या साड्या, पँटी आणि त्यांच्याबरोबर मलाही टोपलीत टाकलं. भांडीवालीने मला उचलून उजेडात धरलं, भोकांतून पलीकडचा रस्ता पाहिला आणि तोंड वाकडं केलं. "ताई, ह्याच्यावर तर चमचाही येणार नाही."

तेवढ्यात आतून काठीचा आवाज आला. मंजुळाबाईंना आता त्र्याऐंशीवं लागलं आहे, नीट दिसत नाही. त्यांनी टोपलीत हात घातला, एक एक कपडा चाचपला आणि मला बाहेर काढलं.

"बाई, बाकीना बठ्ठा कपडा ली जाय. हाऊ नको."

हेमलता ओशाळली. आजीने तिला रागावलं नाही. जवळ बसवलं आणि सगळं सांगितलं, जे मी आत्ता तुम्हाला सांगितलं ते. सांगता सांगता त्या एका ठिकाणी थांबल्या आणि म्हणाल्या, "कुंदन माले खोटं बोलना व्हता. पितांबर कोट आंगवर ठेवनारा नव्हताच. माले तवयच कळनं व्हतं." हेमलताने विचारलं, मग तू बोलली का नाहीस? आजी म्हणाल्या, "इतला लांबतीन तो ते खोटं उचलीसन लई येल व्हता. त्याले परत कशी देऊ?"

मित्रांनो, ती लढाई कोण जिंकलं, कोण हरलं, ते तुम्ही पुस्तकात वाचाल. पुस्तकात मुळा-भात नसतो, वेणी घालणारा भाऊ नसतो, हात पसरून उभे राहिलेले अमीनभाई नसतात. ते सगळं पेट्यांमध्ये असतं. तुमच्या घरातही असं एखादं जुनं कापड असेल. त्याला पावसाळा संपला की ऊन दाखवा. घडीत कडूलिंबाचा वाळलेला पाला ठेवा. फेकायचं असेल तर फेका, पण त्याआधी घरातल्या थोरांना एकदा विचारा, हे कोणी, कोणासाठी केलं होतं? विचारायला उशीर करू नका. कापडापेक्षा सांगणारी माणसं लवकर विरतात.

काल हेमलता मोबाईलवर बघून रफू करायला बसली. मेंदी रंगाची लोकर मिळाली नाही, म्हणून पिवळी आणली. पहिलं भोक बुजवायला तिला सबंध दुपार लागली. बोटात दोनदा सुई टोचली. टाका वाकडा आला, शेजारी एक सुरकुतीही पडली. ती वैतागून उसवायला निघाली, तोच मंजुळाबाईंनी हात पुढे केला. त्या वाकड्या टाक्यावरून त्यांनी सावकाश बोट फिरवलं.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "दुसरं घे."